वळणावर वाजलेला हॉर्न

२ सप्टेंबर

चि. भोंग्या,

अनेक आशीर्वाद. दोन पोरांचा बाप झालास तरी मी तुला भोंग्याच म्हणणार. अख्ख्या शहराचे हॉर्न दुरुस्त करणाऱ्याने दुसऱ्या नावाची आशा धरू नये.

सोबत एक खोकं पाठवते आहे. त्यात हे चालवतात त्या शाळेच्या बसचा हॉर्न आहे. परवा सकाळी घाटात तिसऱ्या वळणावर बस आणि एक लॉरी अगदी नाकासमोर नाक अशा आल्या. मध्ये वीतभर जागा उरली असं हे म्हणतात. टिकली म्हणते, तेवढीही नव्हती. बसमध्ये बत्तीस पोरं, आणि आपली टिकली पुढून दुसऱ्या बाकावर. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. तुला काय सांगायचं, तू एकदाच त्या रस्त्याने आलास आणि सगळा वेळ डोळे मिटून बसलास.

हे म्हणतात, हॉर्न दाबला पण वाजलाच नाही, आणि त्या लॉरीवाल्यानेही मेल्याने हॉर्न दिला नाही. बावीस वर्षांत यांच्या गाडीला साधा ओरखडा नाही रे. संध्याकाळी नळावर तेच हात तीन-तीनदा धूत होते. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

तूर्त शाळेच्या भंगारातल्या जुन्या गाडीचा हॉर्न काढून बसला लावलाय. आपला लवकर दुरुस्त करून पाठव. फोन करू नकोस. घर दोन खोल्यांचं, आणि मी किती घाबरले आहे ते यांच्या कानावर जायला नको. शिवाय हल्ली फोन आला की हे मलाच उचलायला लावतात.

तुझी ताई

*

७ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

खोकं मिळालं. तुझा हॉर्न टेबलावर ठेवून बॅटरीला जोडला आणि तो असा ओरडला की शेजारच्या शिंप्याच्या हातातून कात्री पडली. तो तसाही रोज माझ्या नावाने खडे फोडतो.

हॉर्नला काहीही झालेलं नाही. तरी तुझ्या समाधानासाठी पूर्ण उघडला. आतला पत्र्याचा पडदा पुसला, पॉइंट घासले, मागचा स्क्रू पाव फेरा फिरवून आवाज स्वच्छ केला. म्हणजे दोष गाडीत आहे. भाऊजींना सांग, हॉर्नची अर्थिंगची तार जिथे गाडीच्या सांगाड्याला कसली आहे तिथला गंज पॉलिश पेपरने खरवडून काढा. माझ्याकडे येणारे निम्मे मुके हॉर्न तिथेच मुके झालेले असतात. आणि बसवताना तोंड जरा खाली करून बसवा. वर तोंड करून बसवला की पाणी पितो आणि घोगरा होतो.

हे काम आठवड्यात झालंच पाहिजे. हॉर्न वाजत नसेल तर कायद्याने ती गाडी रस्त्यावर आणताच येत नाही, आणि शाळेच्या बसला तर तपासनीस उभाही करणार नाही. पण कायद्याचं सोड. त्या वळणावर हॉर्न हाच डोळा असतो. तू घाबरू नकोस. विजेच्या कामात भूत नसतं, तुटलेली तार असते.

तुझा भोंग्या

*

१६ सप्टेंबर

चि. भोंग्या,

तो भंगारातला हॉर्नही घाटात मुकाच, असं हे म्हणत होते. आपला परत आला तेव्हा तार घासली, गंज काढला, तोंड खाली केलं. सगळं मी स्वतः समोर उभी राहून करून घेतलं. अंगणात गाडी बंद असताना हॉर्न खणखणीत वाजतो. घाटात चढणीला लागली की वाजत नाही. हे म्हणतात, चढावर इंजिन सगळी वीज खातं आणि हॉर्नला पुरत नाही. असं होतं का?

काल पुन्हा झालं. या वेळी लॉरी नव्हती, मोटारसायकल होती. त्या माणसाने गाडी कड्याला घासून थांबवली आणि यांच्या अंगावर धावून आला, मी केव्हाचा हॉर्न देतोय म्हणून. हे म्हणाले, खोटं बोलतो. रात्री जेवताना टिकली म्हणाली, "बाबा, त्याचा वाजला की. आपला पण वाजला." तर हे तिच्यावर असे ओरडले की पोरगी ताटावरून उठून गेली. त्यांनी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. हल्ली साधं बोलतात तेही ओरडल्यासारखंच.

भोंग्या, सकाळी बस फाटकातून बाहेर पडली की मी घड्याळ बघत बसते. पस्तीस मिनिटांनी घाटाखालच्या शाळेची घंटा ऐकू येते, तेव्हा कुठे मी उठते. परत संध्याकाळी तेच. हे म्हणतात, मोठा हॉर्न हवा. लॉरीला असतो तसला. पाठवशील?

ताई

*

२० सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

इंजिन वीज खात नाही. उलट तेच वीज तयार करतं, चढावर तर जास्तच. भाऊजींसारख्या मुरलेल्या माणसाने असं म्हणावं याचंच मला नवल वाटलं. पण बहुतेक हॉर्नच्या बटणाकडे जाणारी तार स्टिअरिंगच्या दांड्यात कुठेतरी चिमटत असेल. वळवलं की तुटते, सरळ केलं की जुळते. मी नवी तार पाठवतो आहे.

मोठ्या हॉर्नचं म्हणशील तर कायदा स्पष्ट आहे. एकच सूर, सलग, आणि ठरल्या मापापेक्षा मोठा नाही. कर्कश नको, किंचाळणारा नको, गाणी म्हणणारा नको. शाळेच्या दारात तर अजिबात नको. दुकानात असला हॉर्न मागायला येणाऱ्यांना मी हाकलून देतो, आणि मग बायको मला हाकलून देईल की काय अशी वेळ येते.

हे सगळं लिहिलं आणि मग तुझं ते घड्याळाचं वाक्य पुन्हा वाचलं. खोक्यात लॉरीचा हॉर्न ठेवला आहे. स्क्रू मापापेक्षा जास्त पिळला आहे. आयुष्यात पहिल्यांदा असं काम केलं. तपासणीला गाडी न्यायच्या आधी काढून टाका, आणि माझं नाव घेऊ नका.

भोंग्या

*

१ ऑक्टोबर

चि. भोंग्या,

लावला. स्टिअरिंगमधली तारही बदलली. पहिल्याच दिवशी वस्तीतली कुत्री पळाली, शाळेच्या शिपायाच्या हातातला चहा सांडला, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, वर्गातून चिठ्ठी पाठवली की हा काय प्रकार आहे. टिकली सांगते, वळण आलं की सगळी पोरं आधीच कानावर हात ठेवतात. तो त्यांचा खेळच झालाय.

हे मात्र खूश आहेत. म्हणाले, "आत्ता कुठे जरा वाजल्यासारखा वाटतो."

मला वाटलं होतं आता झोप लागेल. नाही लागत. काल परत येताना पाचव्या वळणावर मागून रुग्णवाहिका आली होती म्हणे. किती तरी वेळ मागे भोंगा वाजवत होती आणि यांनी वाट दिली नाही. शिपाई म्हणाला, तुमचे साहेब हल्ली ताठ्यात असतात. यांना ताठा? भर रस्त्यात बैल बसला तर हे खाली उतरून त्याला समजावतील असला माणूस.

काय होतंय ते मला समजत नाही आणि मला फार भीती वाटते.

ताई

*

५ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र काल आलं. काल दिवसभर मी दुकानात नुसता बसून होतो.

भाऊजींच्या मागे दोन हातांवर बसलेली पोरं कान झाकतात, आणि भाऊजींना तो हॉर्न जरासा वाजल्यासारखा वाटतो. शाळेचा हॉर्न, भंगारातल्या गाडीचा हॉर्न, लॉरीचा हॉर्न. तीन चांगले हॉर्न एकाच माणसाला मुके वाटले, आणि मी महिनाभर तारा घासायला सांगत बसलो. गिऱ्हाईक म्हणालं हॉर्न बिघडलाय की मी हॉर्न उघडतो, माणसाकडे बघत नाही. माझ्या धंद्याने मला आंधळं केलं.

त्या जुन्या बसचं इंजिन आत आहे ना, भाऊजींच्या डाव्या गुडघ्याशी, पत्र्याच्या झाकणाखाली? बावीस वर्षं ते त्यांच्या कानाशी धडधडतंय.

माझं चुकत असेल तर मला चार शिव्या दे, आनंदाने खाईन. पण एक कर. सुट्टीच्या दिवशी काहीतरी निमित्त काढून भाऊजींना गाडी चालू करून सीटवर बसायला सांग. तुझ्याकडे परत आलेला शाळेचा हॉर्न आहे आणि शिपायाकडे जुनी बॅटरी असेल. बसच्या मागे भिंतीआड उभी राहा आणि दोन तारा टेकव. लाल तार एका टोकाला, काळी दुसऱ्या. ते मान वळवतात का बघ, आणि मला लगेच कळव.

भोंग्या

*

११ ऑक्टोबर

चि. भोंग्या,

तू सांगितलंस तसं केलं. पहिल्या झटक्याला वळून बघितलं त्यांनी. उगाच काहीतरी डोक्यात घेऊन बसू नकोस. कान अगदी धडधाकट आहेत. लॉरीचा हॉर्न काढून शाळेचाच परत लावला आहे, मोठ्या बाई रागावल्या होत्या.

बाकी क्षेम. टिकलीला गणितात चांगले गुण मिळाले. हवा थंड झाली, सकाळी घाटात धुकं असतं.

एक सहज विचारते. समोरच्या किंवा मागच्या गाडीने हॉर्न दिला की आपल्या गाडीत ड्रायव्हरसमोर दिवा लागेल, असं काही यंत्र मिळतं का? असलं तर सांग. नसलं तरी काही नाही.

ताई

*

१४ ऑक्टोबर

ताई,

असं यंत्र माझ्याकडे नाही. आणि असलं काही कोणी सहज विचारत नाही.

ते वळले नाहीत ना?

भोंग्या

*

२० ऑक्टोबर

चि. भोंग्या,

नाही वळले.

मी भिंतीआडून हॉर्न तीन वेळा वाजवला. कावळे उडाले. टिकली ओसरीवरून धावत आली. हे सीटवर बसून समोरची काच पुसत होते, ते पुसतच राहिले. मी टिकलीला परत पाठवलं आणि तारा गुंडाळून ठेवल्या. तुला खोटं लिहिलं, कारण लिहिलं की ते खरं होईल असं वाटलं.

आता सगळंच सांगते. गेल्या सोमवारपासून मी बसमध्ये असते. बसवरची मदतनीस बाई सोडून गेली होती. मोठ्या बाईंना म्हटलं, मी करते ते काम. यांच्या मागच्याच बाकावर बसते. पुढून हॉर्न ऐकू आला की यांच्या खांद्यावर एकदा बोट टेकवते, मागून आला की दोनदा. पहिल्या दिवशी बोट टेकवलं तेव्हा यांनी लगेच गाडी हळू करून कड्याला घेतली, लॉरी गेली, पुढे निघालो. मी का आले ते त्यांनी विचारलं नाही. घरीही आम्ही त्यावर बोलत नाही. जेवण वाढते, भाजी कशी झाली विचारते, ते म्हणतात छान. तेही ओठ बघून म्हणतात हे मला आत्ता कळायला लागलंय.

तेव्हा काळजी करू नकोस. त्यांचे कान मी आहे. वर्षभराने त्यांची निवृत्ती आहे, तेवढं निभावून नेऊ.

ताई

*

२४ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं.

ताई, हॉर्न ऐकू आल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत किती वेळ असतो? त्यात तू ऐकणार, मग ओळखणार पुढून की मागून, मग बोट, मग त्यांना कळणार. घाटात आवाज कड्यावर आपटून उलटा येतो. मी या धंद्यात आहे आणि मलाही तिथे डोळे मिटून दिशा सांगता येणार नाही. त्यात मागे बत्तीस पोरं गलका करत असतात. एखाद्या पोराला ओकारी झाली आणि तू क्षणभर मागे वळलीस तर? तुला शिंक आली तर?

भाऊजींवर माझा किती जीव आहे ते तुला माहीत आहे. बाबा गेले तेव्हा मला शाळेतून घरी त्यांनीच आणलं. पण ती बत्तीस घरं सकाळी पोरांचे हात कुणाच्या हातात देतात हे त्या घरांना ठाऊक नाही, आणि मला ठाऊक आहे. आता मला ते ठाऊक नसल्यासारखं वागता येत नाही.

त्यांना कानाच्या डॉक्टरकडे ने आणि मोठ्या बाईंना सांग. आठ दिवस वाट बघतो. नाहीतर मी बाईंना पत्र लिहिणार. मग माझ्याशी जन्मभर बोलू नकोस.

भोंग्या

*

२८ ऑक्टोबर

भोंग्या,

लिहू नकोस. तुझ्या पाया पडते, मोठी असून पडते.

हे घर शाळेचं आहे. ड्रायव्हर म्हणून मिळालेलं आहे. किल्ली गेली की या दोन खोल्या गेल्या. टिकलीला शाळेतून काढून कुठे नेऊ? आणि हे काय करतील? स्टिअरिंगवर नसले की हात कुठे ठेवायचे तेसुद्धा त्यांना कळत नाही, सुट्टीच्या दिवशी नुसते मांडीवर ठेवून बसतात.

तू म्हणतोस ते सगळं मला समजतं. रोज सकाळी बसच्या पायरीवर उभी राहून मी पोरं मोजते. कालपासून अंगात कसकस आहे, तरी गेले होते. मी एक दिवसही चुकवणार नाही. शप्पथ.

ताई

*

५ नोव्हेंबर

ताई,

आठ दिवस होऊन गेले. बाईंना पत्र लिहून चार दिवस झाले. पाकिटावर तिकीटही लावलं आहे. रोज खिशात घालून पोस्टाच्या पेटीपर्यंत जातो आणि परत येतो. एकदा अर्धं आत घातलं होतं. हातातून सोडवलं नाही.

घर तुझं जाणार आहे, माझं नाही. म्हणून पेटीशी माझी बोटं उघडत नाहीत. आणि घरी परतताना शाळेची पोरं दिसली की वाटतं, हा नुसता भित्रेपणा आहे. बायको म्हणते, झोपेत हात असा दाबत असता, हॉर्न दाबल्यासारखा.

तुझं काहीच पत्र नाही. ताप उतरला का? तू बसमध्ये आहेस ना? एक ओळ तरी पाठव. मी फार घाबरलो आहे.

भोंग्या

*

६ नोव्हेंबर

चि. भोंग्यास आशीर्वाद.

मी पत्र लिहिणारा माणूस नव्हे. शेवटचं कधी लिहिलं तेही आठवत नाही. तुझी ताई आत झोपली आहे. आधी नुसती कसकस होती, आता चार दिवस ताप आहे, आज जास्त चढला. तिला हे पत्र माहीत नाही.

तुझी पत्रं ती पिठाच्या डब्यामागे ठेवते. मी ती सगळी वाचली आहेत, पहिल्यापासून. वाचायला कान लागत नाहीत. तू तार घासायला सांगितलंस तेव्हा मी घासली, कारण ती घासताना मला वाटायचं की खरंच तारेतच काहीतरी असेल. डाव्या कानाने गेल्या वर्षीच राम म्हटला. उजवा नंतर. हळूहळू गेला, म्हणून मीच मला फसवू शकलो.

तीन दिवस ती तापातच बसमध्ये आली. आज सकाळी तिला उठताच आलं नाही. सुट्टी घ्यायला हवी होती. म्हटलं, एका दिवसाने काय होतंय. धुकं होतं. पहिलं वळण गेलं. दुसऱ्याला मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि चालत वळणापलीकडे जाऊन बघून आलो. मग गाडी काढली. तिसऱ्यालाही तसंच. पोरांना वाटलं मी गंमत करतोय.

चौथ्याला बघून परत येतो तर पोरं मागच्या काचेला चिकटलेली. बसच्या मागे एक लॉरी उभी होती, बसपासून दोन हातांवर. तिचा ड्रायव्हर हॉर्नवर अख्खा तळहात दाबून बसला होता. त्याचं तोंड हलत होतं, शिव्या देत असणार. मी तिच्या दिव्यांसमोर उभा होतो, भोंग्या, आणि मला लांब कुठेतरी डास असावा एवढंच ऐकू आलं. लॉरीचा ब्रेक उशिरा लागला असता तर मी तिथे चालत असताना ती बस पोरांसकट खाली गेली असती, आणि मला मागे वळून बघेपर्यंत कळलंही नसतं.

मी सीटवर बसलो. किल्लीला हात घातला. तेवढ्यात खांद्यावर बोट टेकलं, दोनदा. वाटलं ही आली. वळून बघितलं तर टिकली. मागच्या बाकावर आईच्या जागी येऊन बसली होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं. नऊ वर्षांची पोर, ओठ घट्ट मिटलेले, तोंड पांढरं पडलेलं. ती तिथून शाळेपर्यंत तशीच बसली. बाकीच्या पोरांना तिने गप्प केलं होतं. बत्तीस पोरं श्वास धरून बसली होती. त्या तेवढ्या रस्त्याला मला पाऊण तास लागला.

शाळेच्या मैदानात गाडी लावली आणि किल्ली नेऊन मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, मला ऐकू येत नाही, मी आता चालवणार नाही. मी मोठ्याने बोललो असेन, कारण बाहेरचा शिपाई आत डोकावला.

तेव्हा तू बाईंना पत्र लिहिलं असशील तर फाडून टाक.

बाई बराच वेळ बोलल्या. मान खाली घालून, समोरच्या कागदाकडे बघून बोलल्या, त्यामुळे ओठ दिसले नाहीत. मी सवयीने हो हो म्हणत मान हलवत राहिलो. मध्येच त्यांनी खिडकीतून वर आमच्या घराकडे हात केला. कधीपर्यंत राहा म्हणाल्या, की आजच सोडा म्हणाल्या, की राहू दे म्हणाल्या, मला ठाऊक नाही. पुन्हा सांगा असं म्हणायची हिंमत झाली नाही. बावीस वर्षांत मी त्या खोलीत कधी घाबरलो नव्हतो.

घरी आलो. हिने तापातच डोळे उघडून काहीतरी विचारलं. काय झालं असंच विचारलं असणार. मी म्हटलं, सगळं ठीक आहे.

तू मिळेल त्या गाडीने ये. माझ्याबरोबर बाईंच्या खोलीत चल आणि मी कशाला हो म्हणून आलोय ते मला सांग.

तुझा भाऊजी